चाकांवरचं बिऱ्हाड आणि सोमवारची सकाळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांचीही पूर्णवेळ नोकरी लॅपटॉपवर चालते, दिवसाला तीन-चार व्हिडिओ कॉल असतात, आणि घराचा भाडेकरार चार महिन्यांत संपतोय. तो पुढे न वाढवता मोटरहोम घ्यायची आणि वर्षभर तिच्यातच राहायचं, असा बेत आहे. गाडी किती मोठी हवी, छतावर सोलर किती लागेल, इंटरनेटचं कसं करायचं आणि महिन्याला साधारण किती ठिकाणं बघून होतात, हे तुम्हाला हवंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यावर ठरतात. महिन्याला दोन ठिकाणं. फार तर तीन.

हिरमोड झाला असेल, पण आम्ही दोघं सात वर्षं गाडीत राहतोय आणि हा आकडा ठेचा खाऊन मिळालेला आहे. मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या करतो, बायको ऑनलाइन शिकवते. पहिले चार महिने आम्ही दर तिसऱ्या दिवशी जागा बदलत होतो. नकाशावरची रेघ छान लांबत होती आणि दोघांचीही कामं बोंबलत होती. गाडी हलवायची म्हणजे सगळं घर आवरायचं, सांडपाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायची, पिण्याचं पाणी भरायचं, बाहेरची वायर गुंडाळायची, पायरी आत घ्यायची, छताच्या खिडक्या बंद करायच्या, प्रत्येक कपाटाची कडी तपासायची. मग चालवायचं. पोचल्यावर गाडी समतल करायची, सिग्नल शोधायचा, दुकान कुठे आहे ते बघायचं. एकदा घाईत फ्रीजची कडी राहिली आणि पहिल्याच वळणावर अर्धा फ्रीज जमिनीवर आला. तो पुसत असतानाच माझी मीटिंग सुरू झाली होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते खरं, पण विंचवाला सोमवारी सकाळी नऊची मीटिंग नसते.

आता आमचा नियम असा: हलायचं ते शनिवारी, रविवारी बस्तान बसवायचं, आणि सोमवार ते शुक्रवार इंजिनाला हात लावायचा नाही. जागा अगदीच नावडली नाही तर दुसरा आठवडाही तिथेच. एका जागी दोन आठवडे राहिलं की नळ कुठे आहे, धुणं कुठे होतं, दुपारी सावली कुणीकडून येते हे कळतं, आणि संध्याकाळी काम संपल्यावर खरोखर भटकायला वेळ उरतो. तीन दिवसांच्या मुक्कामात ही माहिती मिळेपर्यंत निघायची वेळ होते.

आता वीज. इथे लोक पॅनलपासून सुरुवात करतात. सुरुवात खर्चापासून करा. तुमचा खर्च मी अंदाजाने मांडतो. दोन लॅपटॉप आणि दोन छोटे मॉनिटर मिळून १५० वॅटच्या आसपास. नऊ तास चालले तर साधारण १.३५ युनिट. उपग्रहाचं इंटरनेट घेतलंत तर त्याची डिश ६० वॅट धरा. बारा तासांना पाऊण युनिट. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज दिवसाला अर्ध्या ते पाऊण युनिटपर्यंत घेतो. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, फोन यांचं किरकोळ मिळून पाव युनिट. म्हणजे स्वयंपाक आणि हीटर वगळून दिवसाला तीन युनिट. सुट्टीवर निघालेल्या जोडप्याला याच्या निम्म्यात भागतं. म्हणून सुट्टीवाल्यांनी सांगितलेले आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

छतावर ६०० वॅटचे पॅनल आडवे बसवले तर उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी अडीच युनिटच्या आसपास मिळतात. आडवे असल्याने सूर्य तिरका पडतो, तापल्यावर पॅनल कमी देतात, वर धूळ बसते. हिवाळ्यात, विषुववृत्तापासून लांब असाल आणि आभाळ भरलेलं असेल, तर तेच पॅनल दिवसाला अर्धा युनिटही देत नाहीत. आणि एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी एका माळेत जोडलेल्या सगळ्या पॅनलचं उत्पादन कोसळू शकतं. तेव्हा सोलरवर पूर्णवेळ नोकरी उन्हाळ्यात चालते, हिवाळ्यात नाही. हिवाळ्यात एक तर विजेची सोय असलेल्या कॅम्पिंगच्या तळावर राहायचं, नाही तर सूर्याच्या मागे जायचं.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या. बारा व्होल्टच्या ४०० अँपिअर-तासांत पाच युनिट मावतात, म्हणजे ऊन नसलेला दीड दिवस निघतो. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरता येते, शिवाय वजन दुपटीहून जास्त. पण लिथियमची एक खोड आहे, ती मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्या हिवाळ्यातली सकाळ: रात्री पाणी गोठलेलं, सकाळी कडक ऊन, पॅनल स्वच्छ, आणि चार्ज होत होतं शून्य. मी पॅनलची वीज बॅटरीला देणारा चार्ज कंट्रोलर उघडला, सगळे स्क्रू सोडवले, एकेक वायर मीटरने तपासली. दोन तास गेले. बायकोने बॅटरीच्या खोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हे बर्फासारखं गार आहे, असंच असतं का?" शून्य अंशाखाली ही बॅटरी वीज देते, पण घेत नाही, जबरदस्तीने चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर जमून ती कायमची बिघडते, म्हणून तिच्यातलं संरक्षक सर्किट चार्जिंग तोडतं. सगळं नीट चाललं होतं, मीच वेड्यासारखा स्क्रू सोडवत बसलो होतो. त्यानंतर बॅटरी गाडीच्या खालच्या पेटीतून उचलून आत, बसायच्या बाकाखाली आणली. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा बॅटरी कुठे आहे हे पहिल्यांदा विचारा.

इंजिनाच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, चार्ज करायचं तर मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि थेट जोडली तर अल्टरनेटर तापून जाऊ शकतो. ४० अँपिअरचा चार्जर तासाला अर्धा युनिट देतो. शनिवारी चार तास चालवलंत तर दोन युनिट पदरात पडले.

इंडक्शनचा मोह आवरा. १८०० वॅटची शेगडी बारा व्होल्टवर इन्व्हर्टरमधून चालवली की बॅटरीतून दीडशेहून जास्त अँपिअर जातात. वायर अंगठ्याएवढी जाड लागते, फ्यूज बॅटरीला अगदी लागून लागतो, आणि अर्ध्या तासाच्या स्वयंपाकात जवळजवळ एक युनिट संपतो. तळावर वीज असेल तेव्हा इंडक्शन, एरवी गॅस. थंडीत सिलिंडर प्रोपेनचा असू द्या. ब्युटेन शून्य अंशाजवळ द्रवच राहतो आणि शेगडी मलूल होते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो. उबेसाठी वेगळा डिझेल किंवा गॅसचा हीटर, ज्याचा धूर नळीने बाहेर जातो. शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म लावा, आणि थंडी वाजते म्हणून जमिनीलगतची आणि दारातली कायमची भोकं कापडाने बुजवू नका. ती गाडी बनवणाऱ्याने विचार करून ठेवलेली असतात.

गॅसवरून ओल आठवली. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. त्यात दोघांचा रात्रभराचा श्वास आणि ओले टॉवेल. ही वाफ सगळ्यात गार पृष्ठभागावर जाऊन बसते: खिडकीची चौकट, कपाटाची मागची बाजू, गादीची खालची बाजू. आमची गादी पहिल्या हिवाळ्यात उलटली तेव्हा खाली काळ्या बुरशीचा नकाशा होता. आता गादीखाली हवा खेळावी म्हणून जाळी आहे, आणि कितीही थंडी असली तरी छताची खिडकी रात्री दोन बोटं उघडी असते. ऊब थोडी वाया जाते. जाऊ दे.

इंटरनेटचं उत्तर लोकांना एका शब्दात हवं असतं. ते तसं नाही, पण अवघडही नाही. दोन वेगळे मार्ग ठेवा, जे एकाच कारणाने बंद पडणार नाहीत. आमच्याकडे मोबाइलचा राउटर आहे आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांची डिश आहे. जुन्या पद्धतीचे भूस्थिर उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर असतात; तुमचा प्रश्न वर जाऊन खाली येतो आणि उत्तर पुन्हा तसंच येतं, त्यात अर्धा सेकंद तर प्रकाशाच्या वेगालाच लागतो. व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघंही थांबतात. स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५०० किलोमीटरवर आहेत, त्यात हा त्रास राहत नाही. मात्र डिशला मोकळं आकाश लागतं. झाडाखाली दर काही मिनिटांनी कॉल गोठेल. उन्हाळ्यात तुम्हाला सावली हवी असते, आणि छतावरच्या पॅनलला ऊन आणि डिशला आभाळ. डिश लांब वायरवर ठेवता आली तर हे भांडण निम्मं मिटतं.

मोबाइलसाठी दोन कंपन्यांची सिमं घ्या, पण आधी बघा की ती खरंच दोन वेगळ्या नेटवर्कची आहेत. बऱ्याच स्वस्त कंपन्या दुसऱ्याच्याच टॉवरवर चालतात. लोगो दोन, टॉवर एक. फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका. टॉवर जवळ असला आणि गर्दी असली तर दांड्या पाच आणि वेग शून्य. अपलोडचा वेग मोजा, कारण कॉल अडतो तो तिथेच. स्थिर पाच एमबीपीएस अपलोड असेल तर दोघांचे कॉल चालतात. आणि मोजायचा तो कामाच्या वेळेत. रात्री अकराला सगळीकडेच छान असतो. जागा ठरवतानाच अर्ध्या तासाच्या अंतरावरची दुसरी जागा हेरून ठेवा. शनिवारी पोचलात, नेट बसलं नाही, तर रविवारी तिकडे. सोमवारी सकाळी शोधाशोध करायची नाही. शनिवारचा नियम यासाठीही आहे.

गाडी किती मोठी? मीटर विसरा. आत जाऊन दोघांनी एकाच वेळी लॅपटॉप उघडून बसा आणि दोघांनी मोठ्याने बोला. दोन पाठी टेकायच्या जागा आणि मध्ये एक खरं दार, एवढं असेल तर ती गाडी तुमच्यासाठी पुरेशी मोठी आहे. आमच्या पहिल्या गाडीत दाराऐवजी पडदा होता. बायको वर्गाला शिकवत असताना मी मागून माझ्या सहकाऱ्याला सांगत होतो, "हे पूर्ण चुकलंय, पुन्हा पहिल्यापासून करा." तिच्या वर्गातल्या एका मुलाने गपचूप आधी लिहिलेलं खोडलं. आता ती पुढच्या फिरत्या सीटवर बसते, मी मागे झोपायच्या खोलीत घडीच्या टेबलाशी, आणि मध्ये सरकतं लाकडी दार आहे. रोज रात्री टेबल मोडून पलंग करावा लागतो अशी गाडी घेऊ नका. आठवडाभर गंमत वाटते. पुढे एकाला लवकर झोपायचं असतं आणि दुसऱ्याची मीटिंग दुसऱ्या टाइमझोनमध्ये असते.

मोठी गाडी घेताना एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे वजन. गाडीचं कमाल वजन दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की सामानाला उरतं ते कधी कधी हास्यास्पद असतं. त्यातच तुम्ही दोघं, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, पुस्तकं, भांडी, हिवाळ्याचे कपडे. राहायला लागल्यावर महिन्याभराने गाडी सगळ्या सामानासकट वजनकाट्यावर नेली तेव्हा आम्ही १८० किलो जास्त निघालो. चाकाचाकाचं वजन वेगळं करून बघितलं तर एकाच बाजूला बराच भार होता. ब्रेक आणि टायर दोन्हींना ते सोसत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. मोटरहोम उभी जास्त असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नवी दिसली म्हणून फसू नका, आकडे वाचा.

संडासाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. छोट्या गाड्यांत ओढून काढायची साधारण वीस लिटरची कॅसेट असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. मोठ्या गाडीत खाली कायमची टाकी असते. टाकी कॅम्पिंगच्या तळावरच्या सांडपाण्याच्या नळीला जोडलेली असली तरी तिची झडप बंद ठेवा आणि टाकी भरत आली की एकदम उघडा. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि उरलेल्याचा आत डोंगर होतो. तो डोंगर कसा फोडतात हे विचारू नका. एवढं पुरे.

कागदपत्रांना मात्र चार महिने आजच सुरू झालेत. कायमचा पत्ता नसेल तर बँक, लायसन्स, कर, विमा, मतदान यातलं प्रत्येक दार अडतं. नातेवाइकाचा किंवा टपाल सांभाळणाऱ्या सेवेचा पत्ता चालतो का, हे तुमच्या देशाच्या कायद्यावर आहे. ते आधी विचारून घ्या. विमा कंपनीला लेखी सांगा की आम्ही गाडीत पूर्णवेळ राहतो. सुट्टीपुरत्या वापराचा विमा काढून आत संसार थाटला, तर नेमक्या वेळी दावा फेटाळला जाऊ शकतो. आणि नोकरी देणाऱ्याला सांगितल्याशिवाय निघू नका. सीमा ओलांडलीत की कर, कामाचा परवाना, कंपनीच्या माहितीची सुरक्षा, सगळं बदलतं. पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करणं कित्येक देशांत नियमात बसत नाही. शेंगेन भागात, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, अल्प मुक्कामाला १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात, आणि ते सगळ्या देशांचे मिळून मोजतात; देश बदलला म्हणून गणती पुन्हा सुरू होत नाही.

पैशांत एक खण वेगळा ठेवा: घर गॅरेजात गेलं तर राहायचं कुठे? आमची गाडी एकदा पाण्याच्या गळतीसाठी एका वर्कशॉपमध्ये दोन दिवसांच्या बोलीवर दिली आणि नऊ दिवसांनी मिळाली. त्या नऊ दिवसांत भाड्याच्या खोलीत दोन लॅपटॉप, एक टेबल, आणि आपली उशी गाडीत राहिल्याचं दुःख. गळती छतावरच्या खिडकीच्या कडेने होती, जिथलं सीलंट वाळून तडकलं होतं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मी शिडी लावून छताची प्रत्येक शिवण बोटाने चाचपतो. त्याला अर्धा तास लागतो. पाणी भिंतीच्या आत शिरलं की लाकूड कुजतं, आणि ते बाहेरून दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा कोपऱ्यांत आणि कपाटांच्या आत अंगठ्याने दाबा. भिंत मऊ लागली तर विक्रेत्याला नमस्कार करून निघा.

दोघांबद्दल एकच सांगतो. आमची सगळ्यात मोठी भांडणं गाडी मागे घेताना झाली आहेत. ती मागे उभी राहून हात हलवायची, मला आरशात तिचा फक्त कोपर दिसायचा, आणि "ये, ये" आणि "हे बघ" मला सारखंच ऐकू यायचं. आता दोघं फोनवर असतो आणि "थांब" हा एकच शब्द ठरलेला आहे. शिवाय रोज एक तास दोघांनी वेगवेगळं चालायला जायचं. आपण कुठे जाऊन आलो हे संध्याकाळी सांगायला काहीतरी उरतं.

करार सोडण्याआधी दोन गोष्टी करा. विजेचा मीटर मिळतो, प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा. तो तुमच्या दोघांच्या कामाच्या टेबलाला आठवडाभर लावा. आणि जशी गाडी घ्यायची आहे तशीच तीन आठवडे भाड्याने घ्या, रजा न काढता, वर्षातल्या वाईट हवेच्या महिन्यात. पावसात, दोघांचे कॉल चालू असताना, भरलेल्या टाकीसह. तीन आठवड्यांत एकदाच जागा बदला. मीटरचा आकडा हाती आला आणि कुठल्या भागात हिवाळा काढणार ते ठरलं, की मला कळवा. बॅटरी आणि पॅनलचं गणित नेमकं मांडून देतो.